उरलेला शब्द

“काका, शून्य ते दहा. आज किती बरं वाटतंय?” मदत योजनेच्या ऑफिसातून पाहणीला आलेल्या नव्या मॅडमनी फॉर्मवर पेन टेकवलं.

“छान,” काका म्हणाले. मॅडमनी दहावर गोल केला.

“ते खरं नाही हो!” काकू हात पुसत आतून धावत आल्या. “अर्धांगाचा झटका आल्यापासून तेवढा एकच शब्द राहिलाय त्यांना. भूक लागली तरी छान, दुखलं तरी छान. मान हलवायला सांगितली तर होच्या जागी नाही होतं.”

“पण समजतंय ना त्यांना? मग उत्तर त्यांचंच लिहावं लागतं, काकू. घरच्यांचं चालत नाही.”

काकांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. कान लावून बिघाड ओळखायचे. तोंडानं मात्र फटकळ. काकूंच्या हातच्या जेवणाला, लेकीच्या निकालाला, कशालाच त्यांनी कधी छान म्हटलं नव्हतं. ‘बरंय’ म्हणाले तरी डोक्यावरून पाणी. आणि नेमका हाच शब्द शिल्लक राहावा! पहिल्या आठवड्यात काकूंना त्याचं हसू आलं होतं. आता तो ऐकला की त्या आत निघून जायच्या.

“जगण्यात अर्थ वाटतो?” मॅडमनी पुढचा प्रश्न वाचला.

काकांचा चेहरा लाल झाला. डावी मूठ खाटेच्या कडेवर आदळली. “छान! छान! छान!”

मॅडम दचकून मागे सरकल्या.

“बघा, चिडलेत ते,” काकूंनी मॅडमचा हातच धरला. “पडून पडून कमरेला जखम झालीय, दाखवते हवं तर. व्यायामाची पोरगी आठवड्यातून दोनदा येऊन उठवून बसवते. मला एकटीला पेलत नाहीत. तिचं येणं बंद करू नका, पाया पडते तुमच्या.”

मॅडमनी जखम पाहिली. “शेऱ्यात लिहिते मी,” त्या हळूच म्हणाल्या. “पण वरचे लोक आकडेच बघतात. आकडे चांगले दिसले की मदत थांबवतात.”

पुढच्या मंगळवारी पोरगी आली नाही. काकूंनी ऑफिसला फोन लावला. “तुमचे पेशंट आनंदी आहेत, अहवाल उत्तम आहे,” पलीकडून कुणीतरी म्हणालं. “अभिनंदन!”

काका बघत होते.

“नाही येणार ती,” काकू म्हणाल्या.

“छान.” आवाज फाटला होता. डोळे भरून आले होते.

एरवी त्या म्हणाल्या असत्या, गप्प बसा हो. आज त्यांनी गॅस बंद केला आणि स्टूल ओढून बसल्या.

“बोला. काय साठलंय ते सगळं बोला.”

काका बोलायला लागले. आधी अडखळत, मग भडाभडा. तोच शब्द कधी शिवीसारखा, कधी विनवणीसारखा. काकू मध्येच “हो” म्हणायच्या, “मग?” म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, “माझंही तसंच झालंय.”

ते दमले तेव्हा काकूंनी त्यांच्या काखेत हात घातले. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा ते उठून बसले आणि लगेच मागे कलंडायला लागले. काकू चटकन खाटेवर चढल्या आणि त्यांच्या पाठीला आपली पाठ लावून बसल्या.

दोघं तशीच बसून राहिली, एकमेकांची तोंडं न बघता.