दारातली किरकिर

कारखान्यात माझं काम हातांचं. विजेवर चालणाऱ्या आलिशान गाड्यांच्या सीटा, छत, दारांची अस्तरं मी चाचपून बघते आणि पास किंवा नापास करते. पण एका नव्या गाडीने आम्हाला तीन आठवडे जेरीस आणलं. आत कुठेतरी बारीक किर्र वाजायचं. इंजिनच नाही म्हटल्यावर गाडीत एवढी शांतता, की तो आवाज थेट डोक्यात जायचा. नाना यंत्रं लावून झाली, पण सापडेल तर शपथ.

शेवटी साहेबांना विचारून मी गाडी मामाच्या दुकानापुढे उभी केली. मामाने तीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या आहेत. त्याने सीटवर हात फिरवला आणि नाक मुरडलं.

"हे चामडं नव्हे."

"कृत्रिम आहे, मामा. हल्ली गिऱ्हाइकंच मागतात."

"मग किरकिरणारच. रेक्झिनला कितीही नटवा." इतक्यात त्याचा हात दारावरच्या, कोपर टेकवायच्या गादीवर थांबला आणि चेहरा खुलला. "हे बघ, हे अस्सल."

गाडीत तेवढाच तुकडा खऱ्या चामड्याचा होता.

मामा माझ्या शेजारी बसला. वहीचा कागद फाडून त्याने पट्ट्या केल्या. "चालव. आणि तोंड बंद."

मागच्या खडबडीत गल्लीत मी पहिली फेरी मारली. मामाने सीटच्या फटीत कागद खुपसला होता. किर्र चालूच. दुसऱ्या फेरीला कागद डॅशबोर्डच्या कडेला. तरी किर्र. तिसऱ्या फेरीला त्याने नाइलाजाने ती चामड्याची गादी आणि शेजारची लाकडी पट्टी यांच्यामध्ये कागद सरकवला. गाडी एकदम गप्प.

मी त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"काढून बघायचा?"

"काढ बाई."

कागद निघाला आणि किर्र सुरू. मामा पोट धरून हसला. "माझ्याच लाडक्याने तोंडघशी पाडलं की गं मला."

चामडं लाकडाच्या पॉलिशला घासत होतं, एवढंच. त्याने दुकानातून लोकरी कापडाची पातळ पट्टी आणून आतून चिकटवली. मग पुन्हा सीटकडे वळून शिलाईवर अंगठा फिरवला.

"टाके मात्र एकसारखे आहेत. कोणी घातले?"

"मशीनने."

"मशीनला माझी शाबासकी सांग."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी काचा वर करून स्वतः गाडी फिरवली आणि उतरता उतरता म्हणाले, "तुमच्या मामांना वेळ असतो का हो?"

आता दर गुरुवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात येतो. परवा त्याने एका गाडीच्या छताचं कापड नापास केलं. "एवढी भारी गाडी घ्यायची आणि डोक्यावर पोतं घेऊन बसायचं?"

साहेबांनी छताला हात लावून बघितला आणि नापासाच्या शेऱ्याखाली सही केली.