बाईसाहेबांचा खांब

"काका, हा खांब मी स्वतः ओरबाडून बघू का?"

हा प्रश्न मी पाळीव प्राण्यांच्या दुकानात, सहा गिऱ्हाईकं, दोन पोपट आणि एक झोपलेला कुत्रा यांच्यासमोर खणखणीत आवाजात विचारला. पैज उंटिणीनं लावली होती आणि साक्षीला ढापणी होती. उंटीण बाकावर माझ्या शेजारी बसते, तिची उंची तुम्ही ओळखलीच असेल. ढापणी चष्मा काढला की भिंतीला नमस्कार करते. मी विचारणार नाही याची दोघींना खात्री होती, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'उपस्थित' म्हणायचे ते बाईंना ऐकूच जायचं नाही. वर्गात बसलेली असूनही चार दिवस माझी गैरहजेरी लागली आहे. घरी मला पुटपुटी म्हणायचे. मग या वर्षी खेळांच्या दिवशी माइकवर बोलणाऱ्या मुलीचा घसा बसला, कुणीतरी माइक माझ्या हातात कोंबला, आणि चमचा-लिंबूच्या शर्यतीचं वर्णन करता करता मला माझा आवाज सापडला. तेव्हापासून तो हरवायचं नाव घेत नाही.

दुकानदारकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. मांजर कुठंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, घरी आहे, मी तिची प्रतिनिधी. ते म्हणाले, मग बघ, पण नखं वाढवून आलीयेस ना?

मी बघितलं. पहिला खांब माझ्या गुडघ्याइतका होता आणि अंघोळीनंतर पाय पुसायच्या गालिच्यासारखा मऊ. दुसऱ्याला वर एक चेंडू लटकत होता. त्याला मी हात उंच करून, मांजर अंग ताणतं तसं अंग ताणून खाली ओढलं, तर तो पक्ष्यांच्या दाण्यांच्या पोत्यावर आडवा झाला आणि दोन्ही पोपट एकदम बोलायला लागले. तिसरा दोरीचा होता, दिसायला छान, पण बूड इतकं हलकं की ढापणीनं एका बोटानं त्याला नाचवून दाखवलं.

"तुमचं मांजर फारच चिकित्सक दिसतंय," काका म्हणाले. पण माणूस चांगला. पोतं सरळ करता करता त्यांनी आपणहून सांगितलं की यातला एकही घेऊ नकोस. "मांजर अंगाचा सगळा भार टाकून ओढतं. एकदा का वस्तू हलली, की दुसऱ्यांदा ते तिच्यावर विश्वास ठेवत नाही."

आम्ही रिकाम्या हातांनी बाहेर पडलो. उंटीण पैज हरली होती, तरी तीच जास्त खूश होती. मी मात्र बोटांवर दिवस मोजत होते. मंगळवार संपत आला होता, आणि आईनं रविवारची मुदत दिली होती.

मुदत बाईसाहेबांसाठी होती. बाईसाहेब म्हणजे आमची मांजर. दीड वर्षापूर्वी बाबांच्या दुकानात कापसाच्या गठ्ठ्यावर येऊन झोपली, आणि उठली ती मालकीण होऊनच. बाबा सोफे, खुर्च्या, गाद्या शिवतात. खाली दुकान, वर आम्ही. लोकांच्या घरचे सोफे बाबांनी नवे करून दिले, पण आमच्या घरात धड बसावं अशी एकच खुर्ची आहे, उंच पाठीची, हिरवी. ती बाबांची पहिली खुर्ची. शिकाऊ असताना त्यांनी ती एकट्यानं बांधली, आणि त्यांच्या उस्तादांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून एकच शब्द उच्चारला, 'चालेल.' उस्तादांनी आयुष्यात कुणाचं याहून जास्त कौतुक केलं नाही म्हणतात. पुढे बाबांच्या लग्नात त्यांनी तीच खुर्ची भेट दिली. गेली बावीस वर्षं ती आईची आहे. आई नर्स आहे, दिवसभर उभी असते. घरी आली की चपला काढते, खुर्चीत बसते, पाय वर घेते आणि पंधरा मिनिटं कुणाचीच नसते.

सोमवारी ती अशीच बसायला गेली आणि तिला खुर्चीच्या मागच्या कोपऱ्यात कापडाच्या चिंध्या लोंबताना दिसल्या. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली की रविवारी मावशी येतेय, तिच्या कागदाच्या गोदामात उंदीर फार झालेत, बाईसाहेबांना तिथे भरपूर काम मिळेल. मी तोंड उघडण्याआधीच तिनं हात वर केला. पेशंटला गप्प करायचा तोच हात.

"माझ्यासाठी या घरात एवढी एक जागा आहे गं," ती म्हणाली.

  मी म्हटलं की मी बाईसाहेबांना ओरबाडायला दुसरं काहीतरी आणून देते, रविवारपर्यंत त्यांची खुर्चीला नखं लावायची सवय सुटली तर त्यांना राहू दे. आई म्हणाली, बघू. बाबांकडे पाहिलं तर ते मांडीवरच्या उशीला खिळे ठोकत होते.

बाबांच्या खिळ्यांबद्दल सांगायला हवं. काम करताना त्यांच्या तोंडात दहा-बारा बारीक खिळे असतात. जिभेनं एकेक ओठांपर्यंत आणायचा, चुंबकाच्या हातोडीनं उचलायचा आणि ठोकायचा. हात मोकळा राहतो. अशा वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, एखादा घशात जाईल, हा घरचा नियम आहे. आणि बाबांनी या नियमाचा आयुष्यभर पुरेपूर फायदा घेतला आहे. आईनं विचारलं, सुट्टीत कुठे जायचं? खिळे तोंडात. मावशीनं विचारलं, दुकान मोठं का करत नाही? खिळे तोंडात. एकदा तर फोनवर बोलायचं टाळायला त्यांनी जेवणाच्या टेबलावरही खिशातली खिळ्यांची डबी काढली होती. मांडीवरच्या त्या उशीला खिळ्यांची काहीच गरज नव्हती, ते मला तेव्हाही कळत होतं.

पण मंगळवारी दुकानातून परत येऊन मी त्यांना सगळं सांगितलं, गालिचा, चेंडू, पोपट, तेव्हा त्यांनी खिळे तळहातावर थुंकले. "हलायला नको म्हणाला?" त्यांनी विचारलं. मग मोजपट्टी घेतली, बाईसाहेबांना बखोटीला धरून भिंतीशी उभं केलं, पुढचे पाय वर ताणून उंची मोजली आणि भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. दरवाजामागे माझी उंची लिहिलेली आहे, तिच्याच शेजारी.

बुधवार आणि गुरुवार त्यांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली. एका जुन्या पलंगाचा जाडजूड पाय घेतला, तो फरशीच्या जड तुकड्यावर पक्का बसवला. मी रोज शाळेतून आले की पायऱ्यांवर बसून बघत होते. बाबा आधी गोणपाट गुंडाळतात, त्यावर फोम, त्यावर कापड. तीस वर्षं हात याच क्रमानं चालतो आहे. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी ट्रंकेच्या तळातून एक गुंडाळी काढली आणि मी उभीच राहिले. हिरवं कापड. खुर्चीचंच. ते विणणारा कारखाना कधीच बंद पडला, आणि हा उरलेला तुकडा बाबांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता, खुर्चीला कधी लागलाच तर म्हणून.

"बाबा, हे नको," मी म्हटलं.

"तिला तेच आवडतं ना? मग तेच देऊ." आणि त्यांनी खिळे तोंडात टाकले.

खांब काय झाला होता म्हणून सांगू. कडेला गोट, वरच्या टोकाला बटण, शिवण कुठे सापडेल तर शप्पथ. आईसुद्धा हात फिरवून गेली. बाईसाहेबांनी हुंगलं, एक नख घातलं, नख फोममध्ये बुडालं, तिनं ते सोडवून घेतलं. मग तिनं खांबाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. दोन्हींना एकच वास, एकच रंग, एकच कापड. आम्हीच तिला शिकवलं होतं, हे हिरवं ओरबाडायचं असतं. शुक्रवारी दुपारी ती जी खुर्चीवर तुटून पडली, ती परवानगी मिळाल्यासारखी.

आईनं फक्त कॅलेंडरकडे बघितलं.

शनिवारी सकाळी मी खुर्चीमागे पोटावर झोपले, हातात टॉर्च. उंटीण आणि ढापणी आल्या होत्या, त्यांनाही झोपवलं. ढापणी म्हणाली, निरीक्षण करायचं तर नीट करायचं, आणि तिनं वही काढली. तिलाच आधी दिसलं. कापडावर नखांच्या खुणा होत्या, पण वरवरच्या. खोल ओरखडे सगळे एकाच जागी, जिथे कापड फाटून आतलं गोणपाट उघडं पडलं होतं, कारण पाठीच्या मागच्या बाजूला फोम नसतोच. लोंबणाऱ्या चिंध्यांना तर मांजरीनं नंतर हातही लावला नव्हता. म्हणजे बाईसाहेबांना हिरवं कापड कधी नकोच होतं. ते त्यांच्या वाटेत आलं होतं. त्यांना हवं होतं ते खालचं, खरखरीत, नख अडकेल असं. आणि तेच गोणपाट बाबांनी खांबावर सगळ्यात आधी गुंडाळलं होतं, मग नेमानं फोमखाली झाकून टाकलं होतं.

मैत्रिणी म्हणाल्या, जा, सांग. आता यावर कुणी पैज लावली नाही.

दुकानात मोठ्यानं विचारणं सोपं होतं. बाबांना सांगायचं म्हणजे त्यांचं काम चुकलंय असं सांगायचं, आणि बाबांचं काम चुकलंय असं आमच्या घरात आजवर कुणी म्हटलेलं नाही. मी जिना उतरले. ते एका सोफ्याच्या हातावर ठोकत होते. मी समोर उभी राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि डब्यातून आणखी चार खिळे उचलून तोंडात घातले.

"बाबा, तुम्ही खिळे घाला, पण मी बोलणार," मी म्हटलं. "खांब फार सुंदर झालाय. म्हणूनच तो चालत नाहीये. तुम्ही माणसासाठी बनवलात. वरचं सगळं काढावं लागेल."

मग गोणपाटाचं सांगितलं, ओरखड्यांचं सांगितलं, ढापणीची वही दाखवली. एकही शब्द पुटपुटले नाही. बाबा ऐकत राहिले. हातोडी खाली ठेवली. एकेक करून खिळे तोंडातून काढले आणि डब्यात टाकले, टिक, टिक, टिक.  मग त्यांनी भिंतीवरचं खिळे उपटायचं चपटं हत्यार काढलं आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरलं.

"चालेल," ते म्हणाले.

खिळे मीच उपटले. बाबा एवढंच सांगत होते, कापड ओढू नकोस, आधी खिळा सैल कर. दोन तासांनी गोट निघाला, बटण निघालं, हिरवं कापड निघालं, फोम निघाला, आणि खाली राहिला तपकिरी, केसाळ, कुरूप खांब. आम्ही तो वर नेऊन ठेवला. बाईसाहेब आल्या. त्यांनी मागच्या पायांवर उभं राहून पेन्सिलीच्या खुणेइतकं अंग ताणलं आणि जे ओरबाडायला सुरुवात केली, त्याचा आवाज खालच्या रस्त्यावर गेला असेल. खांब तसूभर हलला नाही. शनिवारी दिवसभरात त्यांनी खुर्चीकडे वळूनही पाहिलं नाही. खांब किती वेळा ओरबाडला ते ढापणीनं लिहून ठेवलं, अकरा.

आज रविवार. मावशी चारला येणार. सकाळी आई चहा घेऊन खुर्चीशी उभी राहिली, बसली नाही. तिनं खांब बघितला, खांबाला मिठी मारून झोपलेली मांजर बघितली, आणि हसू दाबलं ते मला दिसलं. मग ती वाकून मागचा कोपरा बघायला लागली. म्हणाली, खांबाचं ठीक आहे, पण इथलं गोणपाट उघडंच आहे, उद्या हिला इथली आठवण होणार नाही कशावरून. आणि बाबांना विचारलं की आता हे कोण नीट करणार.

बाबांनी खुर्चीकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी तिला हातोडी लावलेली नाही. उस्तादांनी चालेल म्हटलेल्या कामाला परत कसा हात लावायचा, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. त्यांचा हात खिशातल्या डबीकडे जायला लागला.

माझा हात तिथे आधीच जाऊन आला होता. खिळ्यांची डबी मी काल रात्रीच्या जेवणानंतर त्यांच्या खिशातून काढून घेतली होती. हिरवं कापडही माझ्याकडेच होतं, घडी करून, खिळ्यांची भोकं काठावर येतील असं कापून. मी खुर्चीमागे मांडी घालून बसले.

"आई, बाबा, माझं ठरलंय. हा कोपरा मी बांधणार. बाबा बघतील, हात लावणार नाहीत. आई चारच्या आत या खुर्चीत बसेल. आणि बाईसाहेब कुठेही जाणार नाहीत."

दोघांनीही एकदम तोंड उघडलं. मी पाच खिळे मोजून तोंडात टाकले, आणि चुंबकाची हातोडी उचलली.