च्यारात एक

मेथीच्या जुड्या बांधता बांधता मांजरी गावच्या मळ्यात सासू-सुनेची जुंपली. सून भाग्यश्री ही सोजरबाईच्या सख्ख्या भावाची, रंगरावाची लेक. भावाची पोर सून करून आणायचा हट्ट सोजरबाईनं तडीस नेला, आपल्या लेकाशी, विक्रमशी, तिचं लग्न लावलं. पण त्यांचा आयुष जन्मला तो अंगात रक्तच न टिकण्याचा आजार घेऊन. चार वर्षांचं पोर. दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात रक्ताची बाटली लावायची, तेव्हा कुठं ते खेळायचं.

आता भाग्यश्रीला पुन्हा तिसरा महिना होता.

"आत्या, डॉक्टरीनबाई म्हनल्या, पोटातल्याची तपासनी याच आठवड्यात करा. मागनं उशीर व्हईल."

"काय गरज न्हाय! त्या म्हनल्या न्हवं, तुमा दोघांच्या रगतात दोष हाय, च्यारात एक पोर असं निघतं? आयुष झाला त्यो एक. आता म्होरली तीन धडधाकट."

"आन् ह्ये बी तसलंच निघालं तर?"

"माझ्या म्हायेरचं रगत हाय त्ये! तुझा बाप कवा तापानं तरी झोपला व्हता का? पोटात सुई खुपसून घेतीया म्हनं!"

विक्रम जुड्या रचत राहिला. आईपुढं बोलायची त्याची छाती नव्हती. तपासणीचा आठवडा तसाच गेला.

मुलगी झाली, शेफाली. सोजरबाईनं आळीभर पेढे वाटले. सहा महिने पोर गुबगुबीत होती. सातव्यात तिचे ओठ पांढुरके पडले, दूध ओढेना. दात येत्यात, असं सोजरबाई सगळ्यांना सांगत सुटली, पण आतून पार हादरली होती. आयुषचंही असंच सुरू झालं होतं.

दवाखान्यात रक्ताच्या तपासणीचा कागद वाचून डॉक्टरीणबाईंनी शेफालीलाही तोच आजार असल्याचं सांगितलं.

"च्यारात एकच म्हनला व्हता तुमी!" सोजरबाई ओरडली. "एक झाला की आमचा!"

"आजी, ते दर बाळाला नव्यानं असतं. पहिल्याचं दुसऱ्याला काय ठाऊक? आणि हा दोष सुनेकडून आला तसा विक्रमकडूनही आलाय. तुमच्या माहेरचाच असणार, भावाकडून आणि तुमच्याकडून, दोन्ही वाटांनी."

सोजरबाई भिंतीकडेच्या बाकड्यावर बसली. ज्या रक्ताचा जन्मभर तोरा मिरवला, तेच नातवंडांच्या मुळावर उठलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चोळीची बाही दंडावर सारली.

"माझं घ्या बाई. सगळं काढा, पन पोरीला लावा."

"तुमचं नाही चालायचं, आजी. तो दोष तुमच्याही रक्तात असणार."

भाग्यश्रीनं शेफालीला खांद्यावर टाकलं.

"उठा आत्या. म्होरल्या खेपंला दोन खाटा मागून घिऊ. दोघांचं येकाच दिशी उरकंल."