छपरावरचे लूम

प्रभाकरकाका बत्तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर नकाशे काढत होते. त्यांची पेन्सिल टोकदार आणि जीभ त्याहून टोकदार. अशा माणसाला कॉम्प्युटर शिकवायचं काम टेमघरच्या आमच्या ऑफिसात माझ्या गळ्यात पडलं. साल शहाण्णव, आणि मला कामाला लागून जेमतेम वर्ष झालेलं. मालक अवधूतसाहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "शनिवारपर्यंत काकांना थ्रीडी जमलं तर ठीक. नाहीतर हार-नारळ देऊन मोकळं करू."

काकांना घरी बसायचं नव्हतं. तसं ते बोलले नाहीत, पण रोज माझ्या आधी येऊन मशीनवरचं कव्हर काढून नीट घडी घालून ठेवायचे.

वळ गावच्या एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस लूम, म्हणजे कापड विणायचे माग, बसवायचे होते. लूम मी काढून दिले होते, काकांनी ते ओळीओळीने जागेवर न्यायचे. मूव्हची कमांड द्यायची, लूमचा पाय पकडायचा आणि तो कुठे टेकवायचा तो बिंदू दाखवायचा. काकांनी दोन दिवस खपून प्रत्येक ओळ खांबाच्या कोपऱ्याला जुळवली. वरून बघताना सूतभरही चूक नव्हती.

"बघ प्रमोदिनी, शिकवणी कोणी कोणाची घ्यावी!" काका म्हणाले.

मी चित्र बाजूने फिरवलं. शेड रिकामी, आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस लूम चौदा फुटांवर, छपरावर.

"काका, कारागिरांना शिडी द्यायची की पंख?"

काका हसले नाहीत. वरून बघताना खांबाचं डोकं आणि खांबाचा तळ एकाच ठिपक्यात दिसतात. कॉम्प्युटरने डोकं पकडलं होतं. बोर्डावर हे कधी झालंच नसतं, तिथे उंचीचा कागदच वेगळा. बत्तीस वर्षांत काकांनी लांबी-रुंदी आणि उंची एका कागदावर पाहिलीच नव्हती.

"सरळ खाली आणायचे ना? मग इकडे शून्य, तिकडे शून्य आणि खाली चौदा फूट," असं पुटपुटत त्यांनी एका बोटाने आकडे टाइप केले. लूम जमिनीवर उतरले. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला. मला माझ्या शिडीची लाज वाटली.

शनिवारी साहेब मागे येऊन उभे राहिले. "काका, भिंतीकडची ओळ नऊ इंच भिंतीकडे सरकवा. मधली वाट मोठी हवी असं पार्टी म्हणते."

काकांनी लूमचा पाय पकडला. बाजूने बघितलं. वरून बघितलं. परत बाजूने. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी टेबलाखाली बोटं मोडत होते. दहा मिनिटं झाली तरी काकांनी आकडा टाकला नव्हता.

"काका, ही दोन मिनिटांत करते," साहेब माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"करते ना. हात फार चालतो तिचा," काका म्हणाले. "पण साहेब, लूमच्या मागे धागा तुटला की कारागीर वाकून जोडतो. नऊ इंच सरकवलं तर त्याला वाकायला जागा उरत नाही. वाकला की पाठ भिंतीला घासणार, नाहीतर तोंड लूममध्ये जाणार. मी मोजत होतो. पाच सरकवा, त्याच्या पुढे नको."

साहेब खुर्ची ओढून बसले. त्यांनी स्वतः मोजलं, दोनदा मोजलं. मी त्या शेडमध्ये खांब काढले होते, लूम काढले होते, पत्रे काढले होते. माणूस माझ्या डोक्यातही आला नव्हता. मला काकांचा अभिमान वाटला आणि स्वतःचा रागही आला.

"पाच करा," साहेब उठत म्हणाले. "आणि प्रमोदिनी, सोमवारपासून तुझं प्रत्येक ड्रॉइंग आधी काकांना दाखवायचं. त्यांची सही असल्याशिवाय माझ्या टेबलावर आणायचं नाही."