एकदाच लिहिलेलं पत्र

राजाराम केळुसकरांनी चंद्रप्रकाश या उमेदवाराच्या नावापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि चहाचा कप जवळ ओढला. राज्याच्या सायबर सुरक्षा विभागाचं प्रमुखपद भरायचं होतं. अंधेरीच्या कार्यालयात सकाळपासून मुलाखती चालल्या होत्या. आता एकच उरली होती आणि त्यांच्या मते ती नुसती उरकायची होती.

"ॲनेट मिस्किटा," समितीच्या अध्यक्ष नीला गुप्ते म्हणाल्या. "तुमच्याच हाताखाली होती ना, राजाराम?"

"होती. अबोल. कामाला चोख."

राजारामांच्या निवृत्तीला चार वर्षं झाली होती. यापलीकडे त्यांना काही आठवेना.

ॲनेट आत आली. बोरिवलीची, पंचेचाळिशीतली, फिकट निळ्या साडीतली. तिघांना नमस्कार करून बसली.

"हाताखाली चाळीस माणसं येतील," राजारामांनीच सुरुवात केली. "त्यांत बायका तीन. आजवर या खुर्चीवर बाई बसलेली नाही. बाकीचे ऐकतील तुमचं?"

"ते आत्ता कसं सांगू, सर? पण त्यांच्यातलं कोणी काही सांगायला आलं, तर मी ऐकेन."

समितीतला तरुण तज्ज्ञ सम्यक पुढे सरकला. "तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती?"

तिने मांडीवरची बोटं एकमेकांत गुंफली.

"उपनगरांतल्या सरकारी दवाखान्यांच्या यंत्रणेत मला एकदा उघडी वाट सापडली होती. बाहेरचा कोणीही आत शिरेल अशी. मी वरिष्ठांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही. चौदा महिन्यांनी हल्ला झाला. एका सकाळी सगळे संगणक बंद. खंडणी द्या, मग नोंदी परत, असा निरोप."

"पण नोंदी वाचल्या होत्या की," नीलाताई म्हणाल्या. "क्षयाच्या एकाही रुग्णाचा डोस चुकला नव्हता. केवढं कौतुक झालं होतं!"

कौतुक राजारामांचं झालं होतं. शाल, श्रीफळ, भाषण. 'आमची तयारी होती,' असं ते म्हणाले होते. ती तयारी नेमकी कोणाची, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"त्या मी ठेवल्या होत्या," ॲनेट म्हणाली. "दर शनिवारी ऑफिस रिकामं झालं, की सगळ्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची, वायर काढायची आणि डिस्क लोखंडी कपाटात. चौदा महिने."

"परवानगीशिवाय?" सम्यकने विचारलं.

"नाही सर. सोमवारी रजिस्टरमध्ये लिहून साहेबांची सही घेत होते."

राजारामांना टेबलावरची रजिस्टरांची चळत दिसली. फोनवर बोलता बोलता केलेल्या सह्या. साठ शनिवार! मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत हजारो माणसं त्या सकाळी रांगेत उभी राहिली आणि औषध घेऊन घरी गेली. त्यांना काही घडल्याचा पत्ताही नव्हता. आणि ही बाई समारंभात मागच्या भिंतीशी उभी राहून टाळ्या वाजवत होती. चहा निवून गेला होता.

"पत्र कोणी दाबलं?" सम्यकने विचारलं.

ॲनेटने राजारामांकडे पाहिलं नाही. "नाव घेऊन काय होणार, सर? दुसरं पत्र मीच लिहिलं नाही."

ती बाहेर गेल्यावर नीलाताई वळल्या. "बोला, राजाराम. तुमचं मत?"

"ते पत्र माझ्याकडे आलं होतं." राजाराम म्हणाले. "पहिलं पान वाचून बाजूला ठेवलं. रजिस्टरमधल्या सह्या माझ्या. शालही मीच घेतली."

नीलाताईंनी पेन खाली ठेवलं. "मग या निवडीत तुमचं मत धरता येणार नाही."

"ठाऊक आहे. पण नोंदी कोणी वाचवल्या, तेवढं इतिवृत्तात लिहा."

ते उठले. बाहेर बाकावर ॲनेट बसली होती. त्यांना पाहून ती उभी राहिली.

"सर, तुम्ही बाहेर?"

"बसा, बसा." तेही शेजारी टेकले.

"दुसऱ्या पानावर काय लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"सर?"

"पत्राच्या. मी एकच पान वाचलं होतं."

ॲनेटने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग मांडीवरची पर्स बाजूला ठेवली आणि ती दुसऱ्या पानापासून सांगू लागली.