यादवच्या होडीतला चहा

२०२३ सालच्या डिसेंबरात आम्ही समुद्रावर गेलो. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी ह्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली आणि मुलाने, रोहितने विचारलं, "आबा, तुम्हाला काय पाहिजे?" तेव्हा हे म्हणाले, "समुद्र दाखव. एवढं आयुष्य गेलं, पाणी पाहिलं ते गंगेचं आणि विहिरीचं."

आम्ही नाशिकजवळच्या मखमलाबादचे, गोदावरीला गंगाच म्हणणारे. फुलांची शेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. फुलवाल्याला सुट्टी नसते, कारण लोकांचे सण हेच आमचे कामाचे दिवस. लग्नानंतर आम्ही दोघं मिळून लांब कुठे गेलो असू तर वणीच्या गडावर, तेही फुलांच्या टेम्पोत, जाळ्यांवर बसून. परत येताना माझ्या लुगड्याला आठवडाभर झेंडूचा वास येत होता. त्यामुळे रोहितने सातपूरच्या कंपनीतून चार दिवस रजा काढली, गाडी ठरवली, तेव्हा मला आनंदापेक्षा धडधडच जास्त झाली. ह्यांना साखरेचा आजार. रोज सकाळी पोटात सुई टोचायची आणि मग लगेच खायचं, हा नेम. घरी मी समोर बसून खायला लावायची. परक्या गावात कसं व्हायचं?

दुसरी अडचण ह्यांच्या माळेची. चाळिशीत ह्यांनी तुळशीची माळ घातली, तेव्हापासून आमच्या घरात मासमच्छी शिजली नाही. मी घातली नव्हती. माझं माहेर चांदोरीचं, नदीकाठचं. माहेरी गेले की भाऊ मरळ आणायचे आणि मी पोटभर खायची. ह्यांनी कधी मना केलं नाही. फक्त म्हणायचे, "येताना तोंड धुऊन ये."

दापोलीच्या पुढे समुद्राकाठी छाया नावाच्या बाईंच्या घरी आम्ही उतरलो. घर स्वच्छ, बाई गोड बोलणारी, पण स्वयंपाकघर एकच. मी घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू नेले होते. दोन दिवस ह्यांनी तेवढंच खाल्लं. छायाबाई म्हणाल्या, "काकी, काकांना वरणभात वेगळ्या भांड्यात करते." ह्यांनी मान हलवली आणि खाल्ली पुन्हा दशमीच. त्याच रात्री मी आत बसून सुरमई खाल्ली. ह्यांना वास आला असणारच, बाहेरून विचारलं, "चांदोरीपेक्षा बरी का?"

"मीठ जास्त आहे," मी म्हटलं.

"समुद्राचीच ती."

तिसऱ्या दिवशी सकाळी होडी ठरली होती. अर्ध्या दिवसासाठी, फक्त आमच्यासाठी. रोहितला गळ टाकायची भारी हौस. लहानपणी धरणावर जाऊन बसायचा आणि ह्यांचा मार खायचा. आता पोरगं चाळिशीला आलं, तरी बापाला विचारताना नजर खाली.

"आबा, पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. मारायचा नाही. चालेल?"

हे हसले. "माशाला विचार चालंल का. मला काय, मी बसून बघीन."

त्या सकाळी मी ह्यांना सुई टोचून घेताना पाहिलं. मग मी केस विंचरायला गेले. बाहेर आले तर हे अंगणात रिकामी बशी हातात घेऊन उभे.

"पोहे खाल्ले ना?"

"झालं की."

मी बशी पाहिली, मन शांत झालं. निघायच्या घाईत लाडवांचा डबा खोलीतच राहिला. त्यात दोनच लाडू उरले होते.

होडीवाल्याचं नाव यादव. पस्तिशीचा, काळासावळा, बोलका. आम्हाला झेंडूच्या रंगाची जाकिटं घातली. हे स्वतःकडे बघून म्हणाले, "आता मला तोरणाला बांधा." सून पूजा हसता हसता होडीत चढली, आणि होडी खाडीतून बाहेर पडून हलायला लागली तशी तिचं हसू गेलं.

ह्यांनी सगळीकडे पाहिलं. "रोहित, आपली गंगा हिकडंच येती का रे?"

"नाही आबा, ती पलीकडच्या समुद्राला जाते."

"मग ह्याची आपली वळख नाय," हे म्हणाले आणि समुद्राला हात जोडले.

एका खडकाजवळ यादवने नांगर टाकला. डब्यातून कोलंबी काढून गळाला लावली, त्याच हाताने थर्मासचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "चहा घ्या काका. गरम आहे." ह्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले, "नको बाबा, आत्ताच झाला."

चहा छायाबाईंकडे झाला होता खरा, पण बिनसाखरेचा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पाण्याकडे पाहत होते.

रोहितला थोड्या वेळात एक शिंगाळा लागला. त्याने फोटो काढला, मासा सोडला आणि ओरडला, "आबा, बघितलं का?" हे काही बोलले नाहीत. एरवी टोमणा मारल्याशिवाय राहायचे नाहीत. पूजा तोवर कठड्याला टेकून ओकत होती. मी तिची पाठ चोळत होते आणि नजर मात्र ह्यांच्यावर. ह्यांची बोटं जाकिटाच्या पट्ट्याशी खेळत होती, सोडायची, बांधायची, पुन्हा सोडायची.

"अहो, बरं वाटतंय ना?"

"टेम्पो आला का?" हे म्हणाले.

मला वाटलं गंमत करतात. पण चेहरा गमतीचा नव्हता.

"जाळ्या भरा म्हणावं. ऊन व्हतंय, फूल मान टाकंल."

रोहित गळ सोडून जवळ आला. यादवने ह्यांच्या कपाळाला हात लावला. "बोट लागली काकांना. वहिनींना लागली तशीच. घाबरू नका. लांब किनाऱ्याकडे बघायला सांगा आणि काही खायला-प्यायला देऊ नका, उलटी होईल."

ते पटण्यासारखं होतं. समोर सून ओकत होती, मग सासऱ्यालाही तेच. रोहितने खिशातून लिंबू काढून ह्यांच्या नाकाला लावलं. हे लिंबाकडे असे पाहत होते, जणू ते काय आहे हेच ठाऊक नाही.

मी ह्यांचा हात धरला. हात ओला आणि गार. डिसेंबरातली सकाळ, वारा सुटलेला आणि ह्यांच्या मानेवरून घाम गळत होता. हा घाम मी पाहिलेला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बाजारात, झेंडूच्या ढिगापाशी हे असेच बडबडायला लागले होते. पहाटेपासून पोटात काही नव्हतं. लोक म्हणाले, ऊन लागलं, पाणी मारा. शेजारच्या रसवंतीवाल्याने बळेच उसाचा रस पाजला म्हणून त्या दिवशी हे उठून बसले. डॉक्टरांनी नंतर मला बजावलं होतं, साखर वाढली तर वेळ असतो बाई, उतरली तर नसतो.

"रोहित, ही बोट लागली नाही. साखर उतरली."

"आई, आबांनी नाश्ता केलाय. तूच म्हणालीस."

तेवढ्यात पूजाने कठड्यावरून डोकं वर काढलं. "आबांनी पोहे कुत्र्याला घातले," ती कशीबशी म्हणाली. "मी पाहिलं. मला वाटलं उरलेले घातले."

मला लख्ख कळलं. पोह्यांचा डाव त्याच कढईशेजारी होता, ज्यात रात्री सुरमई तळली होती. ह्यांनी तो पाहिला असणार. मुलाने हौसेने सगळं ठरवलेलं, सकाळी सकाळी रुसवा कशाला, म्हणून गपचूप बशी कुत्र्यापुढे रिकामी केली. पण सुई आधीच टोचून झाली होती.

"साखर आहे का? काहीही गोड?" मी यादवला विचारलं.

"चहाच आहे काकी. गोड आहे चांगला."

यादव नांगर ओढायला धावला. किनारा दिसत होता, पण वारा समोरून होता आणि हे आता बसल्या जागी कलायला लागले होते. मी आमच्या पाण्याच्या बाटलीच्या पेल्याएवढ्या झाकणात चहा ओतला, फुंकर घातली आणि ह्यांच्या ओठांशी नेला. ह्यांनी दात आवळले.

"आबा, प्या ना," रोहित म्हणाला.

"त्याचा हात," हे म्हणाले. जीभ जड झाली होती. "कोलंबीचा हात. माळ हाय माझी."

साऱ्या जगाचा विसर पडला होता, मला हे सरू म्हणत होते, सरुबाई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, जाऊन वीस वर्षं झाली. पण माळ तेवढी विसरले नव्हते. रोहितने जबडा धरून पाजायचा प्रयत्न केला, चहा गळ्यावर सांडला. ह्यांनी त्याचा हात झटकला, अंगात कुठून जोर आला कोण जाणे. होडी डचमळली. यादव ओरडला, "धरून बसा!" मागे रोहितच्या रॉडची दोरी सर्रकन सुटत होती, काहीतरी मोठं लागलं होतं, आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

मला वाटलं, आता हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर जाणार. घोटभर चहासाठी जाणार. आणि बळजबरी केली, ठसका लागून श्वासनळीत गेलं तरी जाणार. ह्यांनी स्वतः होऊन गिळायला हवं होतं.

मी ह्यांच्या जाकिटाची पट्टी सोडली, गळ्यात हात घातला आणि ती दुपदरी माळ डोक्यावरून काढली. पस्तीस वर्षांत ती मी नुसती धुऊन दिली होती, माझ्या हाताने कधी काढली नव्हती. माझ्या गळ्यात घातली. मग ह्यांची हनुवटी धरून माझ्याकडे वळवली.

"हे बघा. माळ आता माझ्याकडं आहे. मी सांभाळते. तुम्ही मोकळे आहात. प्या."

हे माझ्या गळ्याकडे पाहत राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही, मला फार वाटला. मग दातांची मिठी सुटली. एक झाकण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला ह्यांनी स्वतः झाकणाला हात लावला. यादवने रॉडची दोरी सुरीने कापून टाकली आणि इंजिन चालू केलं.

किनारा जवळ यायला लागला तसे ह्यांचे डोळे जागेवर आले. आधी ओकणाऱ्या सुनेकडे पाहिलं, मग रडणाऱ्या मुलाकडे, मग माझ्याकडे.

"काय पाजलंस मला?"

"चहा."

"कुणाच्या हातचा?"

"माझ्या."

ह्यांनी मग गळ्याला हात लावून पाहिला आणि हळूच म्हणाले, "आता तुझी सुरमई बंद."

"बंद तर बंद," मी म्हटलं, आणि तेव्हा मला रडू आलं.

गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून पाहिलं. चहा पोटात जाऊनही साखर कमीच होती. सलाईन लावलं. संध्याकाळी ह्यांनी छायाबाईंकडचा वरणभात खाल्ला, नव्या पातेल्यातला. पातेलं त्यांनी दुकानातून आणलं होतं, आमच्यासमोर कागद फाडून चुलीवर ठेवलं. त्या दिवशी यादव सुरमई घेऊन आला होता. मी माशाला हात लावला नाही.

नाशिकला आल्यावर हे मला घेऊन आमच्या गावच्या कीर्तनकार बुवांकडे गेले आणि सगळं सांगितलं. बुवा म्हणाले, चहाने माळ बाटत नाही आणि बाटली असती तरी ती तेव्हा तुमच्या गळ्यात नव्हती. त्यांनी नवी माळ घातली. जुनी मी परत करू का, असं विचारलं, तर बुवा म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. मी ठेवली.

नंतरचं सांगते. छायाबाईंनी त्या वेगळ्या पातेल्यावर रंगाने खूण केली आणि आता माळकरी पाहुणे त्यांच्याकडे पुष्कळ येतात. यादव आता पाहुण्यांना आधी नाश्ता झाला का विचारतो, झाला म्हटलं तरी काय खाल्लं ते विचारतो. त्याच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही इथून शेवंती पाठवली. पूजा पाण्याचं नाव काढत नाही, धरणावरच्या बोटीतही बसत नाही. आमच्या गुलाबाचं पॉलिहाऊस आता तीच बघते, आणि माझ्यापेक्षा चांगलं बघते.

हे सव्वा वर्षाने गेले. साखरेने नाही, झोपेत, शांतपणे. तोवर रोज सकाळी खाऊन झालं की माझ्यासमोर तोंड उघडून दाखवायचे, लहान पोरासारखे, चिडवायला. ह्यांच्या शेवटच्या प्रवासाला फुलं बाहेरून आणावी लागली नाहीत.

रोहितने त्यानंतर गळ हातात धरला नाही. त्या सहलीपासून त्याने एक सवय लावून घेतली. कंपनीत पोचला की सकाळी फोन करायचा, आबांनी काय खाल्लं? हे गेल्यावरही फोन येतो, आता माझ्यासाठी. मला साखर नाही, त्याला ते ठाऊक आहे. मी एकदा म्हटलं, "अरे, कशाला रोज?" तो नुसता "सांग ना" म्हणाला. मग मी सांगते. आज बाजरीची भाकरी आणि मेथी होती.