साडेनऊ इंच

मित्रांनो, मी एक जुनी मापाची टेप आहे. माझे आकडे पुसट झाले आहेत आणि एका टोकाची पितळी पट्टी केव्हाच निखळली आहे. तरी तीस वर्षे मी मास्तरांच्या गळ्यात मिरवले. "शिंपी पुष्कळ आहेत, पण माप मास्तरांचंच," असे गिऱ्हाईक म्हणाले, की निम्मे कौतुक मी गुपचूप माझ्याकडे ओढून घेत असे.

मास्तरांना एकच लेक, चिमणी. तिच्या झबल्यापासून नोकरीच्या कोटापर्यंत सगळे मीच मोजले. मग ती दूरदेशी गेली. त्या दिवशी मास्तरांनी तिचा शाळेतला पृथ्वीगोल काढला आणि इथल्या विमानतळापासून तिथल्या विमानतळापर्यंत मला टेकवले. साडेनऊ इंच भरले. विमानाला तेरा तास लागतात, असे चिमणी सांगून गेली होती. मास्तरांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. त्या हसल्या, "एवढंसंच तर आहे हो!" मास्तरांनी माझ्यावर तिथे नखाने खूण केली.

पुढे काकूंनी अंथरूण धरले. डॉक्टरांनीही हात टेकले. एका पहाटे चिमणीचा फोन आला.

"बाबा, बसले विमानात. पण मधे..."

"बोलत बसू नकोस, ये!" म्हणून मास्तरांनी फोन ठेवलासुद्धा. काकूंना म्हणाले, "तेरा तास. संध्याकाळी पाचला ती दारात असेल बघ."

दिवसभर त्यांनी मला गोलावर धरून ठेवले. "आता समुद्रावर आली. आता निम्मं आलं." काकू घोटभर पाणी घेत आणि त्या खुणेकडे बघत राहत. पाच वाजले. सहा वाजले. चिमणीचा फोन लागत नव्हता.

"खरं सांगा, निघालीय ना ती?"

"निघालीय गं. माझं माप कधी चुकलंय का?"

"नसेल जमलं तिला. उगाच माझी समजूत काढू नका," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दाराकडे पाठ केली. सात वाजता त्या गेल्या.

चिमणी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. थेट विमानात जागा नव्हती. मधल्या विमानतळावर ती अकरा तास बाकावर बसून होती आणि तिथे तिचा फोन चालत नव्हता. पहाटे ती तेच सांगत होती.

मित्रांनो, माझा आकडा खोटा नव्हता, हेच मला जाचते. कापड बेतताना मास्तर प्रत्येक शिवणीला दोन बोटे माया सोडत, पुढे उसवून सैल करता यावे म्हणून. त्या दिवशी तेवढीही माया सोडायचे त्यांना सुचले नाही.

आता ते नव्या टेपेने मापे घेतात. मी गोलाशेजारी पडून असते. लांबून कुणी यायचे असेल, तर त्याचे बोलणे पुरते ऐका आणि वाट बघणाऱ्याला वेळ जरा सैल सांगा. लेक उद्या येतेय, एवढे जरी कळले असते, तरी काकू निदान दाराकडे तोंड करून गेल्या असत्या.